धोंडबाची कळ आणि साळिंदराचा काटा

तर बाळांनो, एका जंगलात धोंडबा नावाचा गवा राहत होता. सिंहमहाराजांच्या वाढदिवशी तिथे ओंडके ओढायची शर्यत व्हायची. सलग सहा वर्षं पहिला नंबर धोंडबाचाच.

सातव्या वर्षी शर्यत आठ दिवसांवर आली आणि सरावात त्याच्या कमरेत लचक भरली. नुसती कंबर दुखली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. पण कळ कमरेतून निघायची आणि डाव्या मांडीतून थेट खुरात उतरायची. साधं शिंकलं तरी डोळ्यांसमोर काजवे!

बायको सगुणा त्याला कासव वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी पाय उचलून पाहिला. धोंडबा ओरडला.

"मणक्यातली गादी सरकून शिरेवर दाब आलाय," वैद्य म्हणाले. "जड ओढू नका. थोडं थोडं चाला. दीड-दोन महिन्यांत बहुतेकांचं आपोआप निवतं. पायातली ताकद गेली, तर मात्र धावत या."

कासवाने धावत यायला सांगावं! धोंडबा हसला. हसताना कळ आली म्हणून चिडला. "दोन महिने? हा काय इलाज झाला?"

तो तडक डॉक्टर काटदरे साळिंदरांकडे गेला.

"स्टिरॉइड! थेट शिरेच्या मुळाशी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाठीवरचा एक लांब काटा उपटला, औषधात बुडवला आणि टोचला.

"शर्यतीत दुखणार नाही ना?"

"दुखलं तर माझं नाव बदला."

तिसऱ्या दिवशी कळ गायब. धोंडबा उड्या मारू लागला.

"अहो, जपून," सगुणा म्हणाली. "गादी अजून सरकलेलीच असेल."

"मग दुखत का नाही?"

 

शर्यतीत धोंडबाने सागाचा सगळ्यात मोठा ओंडका ओढला. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. दुखलं मात्र नाही. पहिला नंबर! गळ्यात हार पडला. सिंहमहाराजांना मुजरा करून तो वळला, तर डावा खूर जमिनीवरून उचलेचना.

पाय फरफटत तो दवाखान्यात पोचला.

"डॉक्टर, पाय गेला हो!"

"शर्यतीत दुखलं का?"

"नाही."

"मग माझं काम चोख झालं. पायाचं दुखणं वेगळं, पायाची ताकद वेगळी. तो विभाग आमच्याकडे नाही."

चारच दिवसांत दवाखान्याच्या दारावर धोंडबाचं हार घातलेलं चित्र लागलं. कमरेपर्यंतचंच. रांग पार नदीपर्यंत गेली.

एकदा धोंडबा पाय ओढत सगुणासोबत तिथून चालला होता. रांगेतल्या एका रानडुकराने अदबीने विचारलं, "काका, चित्रातले ते तुम्हीच ना? गुण आला का हो?"

सगुणाने धोंडबाकडे पाहिलं. धोंडबाने मान ताठ केली.

"कळ म्हणाल, तर पुन्हा एकदाही आली नाही!"

तात्पर्य : बाळांनो, शरीर ओरडून काही सांगू लागलं तर ऐकत बसू नये, आधी त्याचं तोंड बंद करावं. पाय काय, चार असतात. पहिला नंबर एकच असतो.