सावत्र आईचं शासकीय हृदयपरिवर्तन

जुन्या कथांमधल्या आईबापांची वागणूक सुधारायला हवी, याबद्दल कुठल्याही जबाबदार माणसाचं दुमत नसावं. राजे पोटच्या पोरांना वनात धाडतात, राण्या सावत्र मुलींना धान्याच्या कोठारात कोंडतात, आणि हे सगळं आपण लहान मुलांना मांडीवर घेऊन लाडाने सांगतो. सोलो शहराच्या पलीकडच्या एका जिल्ह्यातल्या कुटुंब-सौहार्द कार्यालयाच्या हे ध्यानात आलं आणि त्याने तातडीने पावलं उचलली. (कार्यालयाला बरीच वर्षं दुसरं काही काम सापडत नव्हतं.)

पहिलं पाऊल पडलं ते मार्सियेमबाईंवर. गावच्या नाटक मंडळीत त्या दुष्ट सावत्र आईचं काम करायच्या. बाजारात त्यांना पाहून पोरं आईमागे लपत, एवढाच काय तो त्यांना मिळालेला पुरस्कार. छळ सोसणारी राजकन्या व्हायची वेनिंग. ती त्यांची खरोखरचीच सावत्र मुलगी.

नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत, पण बोलणं म्हणजे "भात झाकलाय" आणि "बरं". वेनिंग त्यांना आई म्हणत नसे. बुलिक म्हणे, मावशी म्हणावं तसं. उरलेलं सगळं रंगमंचावर. कोठारात ढकलताना मार्सियेमबाई जरा जोरानेच ढकलत, आणि वेनिंग शाप जरा मनापासूनच देई. मग दोघी एका मोटारसायकलवर बसून मुकाट्याने घरी येत. व्यवस्था उत्तम चालली होती.

"यापुढे कोठार बंद," कार्यालयाचे पाक हार्दिमान, म्हणजे आपल्याकडचे हार्दिमानराव, तालमीला येऊन म्हणाले. "राणी प्रेमाने विचारेल, बाळ, जेवलीस का? मुलगी म्हणेल, हो आई."

"अहो, पण ती कोंडलेलीच नसेल, तर राजपुत्र तिला सोडवणार कशातून?" मार्सियेमबाईंनी विचारलं.

हार्दिमान विचारात पडले. "त्याला चहाला बोलवा," ते म्हणाले.

नवं नाटक तालमीत इतकं आटोपशीर झालं की बाहेर टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळणाऱ्याचं तेल तापायच्या आत राजकन्येचं लग्न लागलं. कार्यालयाने ही वेळेची बचत मानली. कुरकुर केली ती गावातल्या आयांनी. "वर्षातून एकदा पोरांना ही बाई दाखवून आणायचो, म्हणून घरी आमचं बरं चाललं होतं," रताळी विकणारी एकजण म्हणाली. "आता काय दाखवू, आरसा?"

मार्सियेमबाईंची अडचण वेगळी होती. ढकलणं बंद झाल्यापासून घर फारच शांत झालं होतं. त्यातच वेनिंगने दूरच्या सुराबाया शहरात नोकरी धरल्याचं त्यांना मासेवालीकडून कळलं. रात्रीच्या भाताशी त्यांनी विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही.

प्रयोगाला पुढच्या रांगेत सगळं कार्यालय बसलं होतं. सोनेरी मुकुट सावरत मार्सियेमबाई म्हणाल्या, "बाळ, जेवलीस का?"

वेनिंगने "हो आई" म्हणायचं होतं.

"आज विचारतेस?" ती म्हणाली. "बाबा गेले त्या दिवशी अख्खं गाव जेवून गेलं. मी चुलीशी बसून होते. कोणी विचारलं?"

वाजवणारे थांबले.

"तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ही माझी कोणी नाही," मार्सियेमबाईंचा आवाज फाटला. "मग मी कोण म्हणून विचारायचं गं?"

"मी नऊ वर्षांची होते!"

"आणि मी बावीस! मला तरी कुठे येत होतं काही?"

 हा हिशेब वेनिंगने कधी केलाच नव्हता.

"आणि सुराबायाचं मासेवालीने सांगावं मला? राहणार कुठे? खाणार काय? धड भात शिजवता येत नाही तुला!"

"शिकवला का कोणी?"

"शिकायला बसलीस का कधी?"

प्रेक्षक रडत होते. राजपुत्र पडद्याआड चहाची वाट पाहून शेवटी घरी निघून गेला. हार्दिमान यांनी वरिष्ठांना समाधानाने कळवलं, की कोंडणे शून्य, मारहाण शून्य, मायलेकींतील संवादात मात्र लक्षणीय वाढ.

त्या दोघी मोटारसायकलवर भांडत घरी गेल्या आणि चुलीपुढे बसून भांडल्या. वेनिंग सुराबायाला गेलीच. आता रोज संध्याकाळी फोन येतो, भातात पाणी किती घालायचं यावरून कडाक्याचं वाजतं, एकजण फोन आपटते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा लावते.

शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे आदर्श कुटुंबाच्या सन्मानासाठी हे घर अपात्र ठरलं. सन्मान पाक हार्दिमान यांच्याच घराला मिळाला. तिथे कधी चढा आवाज ऐकू आलेला नाही. त्यांचा मुलगा आपल्या खोलीत जेवतो, मुलाची आई मागच्या खोलीत, आणि ताटं कोणी उचलायची एवढ्यासाठीही कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही.

यंदा कार्यालय अशाच घरांच्या शोधात आहे. 'आमच्याकडे भांडणं होत नाहीत बुवा' असं तुम्ही परवाच कोणाला तरी कौतुकाने सांगत होतात. तुमचं नाव आम्ही कळवून टाकलं आहे.