मुक्काम : शून्य दिवस

जे जन्माला आले ते एक दिवस जाणार, हे प्रत्येक शहाण्या माणसाला मान्य असते. फक्त ते आपल्या ऑफिसातले नसावे, एवढीच त्याची अट असते.

पिंपळगाव बसवंतच्या शीतगृहांत द्राक्षाची पेटी किती दिवस पडून आहे, हे मोजून पेटीवर छापणारा प्रोग्राम नाशकात तेजस्विनी बोरस्तेने लिहिला होता. ज्या परदेशी सॉफ्टवेअरवर तो लिहिला, त्याच्या कंपनीने एके सकाळी कळवले : तीस जानेवारीपासून हे बंद. (खाली ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार’ होते. माणुसकी अजून शिल्लक आहे.)

तपासणीच्या दाखल्यावर सही तेजस्विनीची असे. नवा प्रोग्राम लिहायला तिने दोन महिने मागितले.

“अगं, लिहिणं होईल गं. आधी ओळख काढू,” मालक नाना गायधनी म्हणाले.

ओळख निघाली. नानांच्या साडूंचा भाचा त्या कंपनीच्याच गावात राहत होता. त्याच्यामार्फत सविनय अर्ज गेला, सोबत दोन किलो चिवडा गेला, आणि आठ दिवसांत कंपनीच्या बंद फाटकासमोर हसणाऱ्या भाच्याचा फोटो आला. ऑफिसातल्या त्र्याऐंशी टक्के लोकांना धीर आला. (उरलेले सतरा टक्के म्हणजे तेजस्विनी.)

एकोणतीसला नानांनी तोडगा काढला. सॉफ्टवेअर तारीख बघून बंद पडणार ना? मग तारीखच पुढे जाऊ द्यायची नाही.

“नवरदेवाची वरात नाचत राहिली की लग्न लावणारे आमचे वडील मुहूर्ताचं घड्याळ मागे करायचे,” नाना म्हणाले. “एकाचाही संसार मोडला नाही.”

त्या दिवसापासून सगळ्या कॉम्प्युटरांवर रोज एकोणतीस जानेवारी उजाडू लागली. पेटी एकोणतीसला येई, एकोणतीसलाच निघे. मार्च संपत आला तरी प्रत्येक पेटीवर छापलेले : ‘मुक्काम : शून्य दिवस’. एवढा ताजा माल जिल्ह्याने कधी पाहिला नव्हता.

मग शीतगृहावरच्या वाल्मीकचा फोन आला. “ताई, देठ पार काळे पडलेत. लय दिवसांचा माल हाय. सही करू नका.”

तेजस्विनीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. “नाना, गेलेला माल परत बोलवा. हा धडधडीत खोटेपणा आहे!”

नानांनी तक्रारवही पुढे सरकवली. “गिऱ्हाइकाची एक तक्रार दाखव. आत्ता बोलावतो.”

तिने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तोंड आंबट करून कुणीतरी एक ओळ लिहिली असेल, अशी तिची आशा होती. पण तुम्ही लिहिली नव्हती. तुम्ही पेटीवरचे शून्य वाचलेत, मऊ लागलेला मणी हळूच टाकून दिलात आणि घरच्यांना म्हणालात, “छापलंय ना? मग ताजीच असणार.”