घंटेच्या आकाराचे सर्पदंश

सन १९७५ साली खोपेवाडीच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाचे चोवीस रोगी आले. वर्षाचे महिने बारा. म्हणजे महिन्याला दोन रोगी, आणि माणशी एक याप्रमाणे महिन्याला लसीचे दोन डोस. हिशोब इतका सरळ होता की त्यात खोट काढण्याचे कारणच नव्हते. तरीही ती केंद्राचे कंपाउंडर धनपाल चौगुले यांनी काढली.

धनपालचे म्हणणे असे की रोगी महिन्याला दोन येत नाहीत. जानेवारी ते मे एकही येत नाही. जूनमध्ये दोन, जुलैत सात, ऑगस्टात आठ, सप्टेंबरात पाच, ऑक्टोबरात दोन, आणि मग वर्ष संपेपर्यंत पुन्हा शुकशुकाट. पावसात ऊस माजतो, खाली ओल धरते, बाया तण भांगलायला आत वाकतात आणि साप आधीच तिथे असतो. त्या वर्षी प्रत्येक वेळी एसटी धरून त्याने सांगलीहून लस आणली होती आणि चोवीसच्या चोवीस माणसे वाचवली होती. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

पुढच्या वर्षासाठी साठेबाजीस प्रतिबंध करण्याचे धोरण आले. केंद्राला दरमहा ठरलेला कोटा मिळणार आणि न वापरलेला डोस महिनाअखेर परत करावा लागणार, असा हुकूम निघाला. कोटा ठरवण्याकरता सांगलीत 'सांख्यिकी व पुरवठा समन्वय कक्ष' उघडला गेला. त्याचे प्रमुख लालासाहेब मोहिते पुण्याला तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ताजेतवाने परतले होते. तिथले एक सूत्र त्यांच्या मनात पक्के बसले होते. आकड्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरता, आला तर सरासरीवर विसंबावे, न आला तर विसंबू नये. परिपत्रकात त्यांनी तेच घातले. घंटा आल्यास सरासरीइतका कोटा, न आल्यास प्रत्यक्ष गरजेप्रमाणे.

हे वाचून धनपालच्या जिवात जीव आला. तो इंटर सायन्सपर्यंत शिकला होता आणि या आकड्यांची घंटा सात जन्मांत होणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने तीन आलेख काढले आणि सांगली गाठली.

पहिला वर्तुळाचा होता. लालासाहेबांनी तो भाकरीच्या तुकड्यांकडे बघावे तसा बघून बाजूला सारला. दुसऱ्यात आडव्या रेषेवर रोग्यांची संख्या आणि उभ्या रेषेवर तितके रोगी आलेले महिने होते. सात महिने शून्य रोगी, दोन महिने दोन-दोन, आणि पाच, सात, आठ रोग्यांचा एकेकच महिना. डावीकडे खळ्यावरची रास आणि उजवीकडे तुरळक खुंट, असा तो दिसत होता. तिसऱ्यात नुसते महिने ओळीने मांडून त्यांवर रोगी दाखवले होते. तो धनपालने पावसाळा कळावा म्हणून जोडला होता, आणि तिथेच त्याचे चुकले.

लालासाहेबांनी तिसरा उचलून उजेडात धरला. "ही घंटा."

"साहेब, तो नुसता महिन्यांचा क्रम आहे. पावसात चढतो, पाऊस सरला की उतरतो. घंटा आहे की नाही ते या दुसऱ्यात बघायचं."

"दोन्हींत आकडे तेच ना?"

"तेच."

"मग घंटा दिसते तो आलेख सोडून न दिसणारा शासनाला का दाखवायचा, चौगुले?"

धनपालने दुसरा आलेख पुन्हा पुढे सरकवला; तो त्यांनी वर्तुळावर ठेवून दिला. मात्र लालासाहेब शिस्तीचे होते. घंटा किंचित वाकडी आहे हे त्यांनीच दाखवले. जुलैत सात आणि सप्टेंबरात पाच. "जुलैतला एक रोगी सप्टेंबरात घ्या. सहा, आठ, सहा. त्याचा जबाब जोडा. कागद अडला तर दोन डोससुद्धा मिळायचे नाहीत, हे लक्षात ठेवा."

जुलैअखेरीची रोगी होती शालूबाई. सप्टेंबरातला जबाब लिहून धनपाल तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आवं, मला आकाडात चावलाय," ती म्हणाली. "गणपतीत तर मी उसात पाऊल न्हाई टाकलं."

"कागदापुरतंच आहे, शालूबाई."

"माझा जीव तुमी वाचिवला. तुमी म्हनताय तर लावते." तिने अंगठा लावला आणि साक्षीदार म्हणून धनपालने सही केली.

घंटा मंजूर झाली. जानेवारी ते मे दर महिन्याला दोन डोस आले आणि महिनाअखेर परत गेले. ऑगस्टचे दोन पाच तारखेलाच संपले. नऊ तारखेला ज्ञानूला साप चावला. ज्ञानू शालूबाईचा नवरा, पलटणीत हवालदार, पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता आणि उसातला पाण्याने भरलेला चर फोडायला गेला होता. धनपालने ट्रक थांबवून सांगली गाठली. कक्षाच्या कपाटात परत आलेले दहा डोस शिस्तीत मांडलेले होते.

"ते जानेवारी ते मेचे आहेत," लालासाहेब म्हणाले. "ऑगस्टात कसे देणार?"

"शालूबाईला जुलैतून सप्टेंबरात नेलं तसं."

लालासाहेबांना वाईट वाटले नाही असे नाही. "अहो, रोगी हलवता येतो. डोस साठ्याच्या वहीवर असतो."

धनपाल रिकाम्या हाताने परतला तेव्हा ज्ञानू गेला होता.

वर्षअखेर पुन्हा चोवीस रोगी भरले आणि त्यांतले सहा दगावले. सहा भागिले बारा, म्हणजे दरमहा अर्धा माणूस. अपूर्णांक सोडून द्यावा असा नियम होता, म्हणून मृत्यूच्या रकान्यात शून्य आले. पलटणीत पाठवायला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा म्हणून शालूबाई सांगलीला आली, तेव्हा शून्याचा दाखला देता येत नाही हे लालासाहेबांनी तिला शांतपणे, आकडे दाखवून समजावून दिले.

तिने नीट ऐकून घेतले. "व्हय साहेब, अर्धा सोडून दिला तुमी. मग ऱ्हायलेला अर्धा घरला कवा धाडताय?"

हा प्रश्न कक्षाच्या कार्यकक्षेत येत नव्हता. तो आलेख आता काचेच्या चौकटीत कक्षाच्या भिंतीवर आहे. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो आणि किती रेखीव म्हणतो. धनपाल तेवढा तिकडे बघत नाही. आपण मात्र लालासाहेबांना नावे ठेवण्याची घाई करू नये. या गोष्टीच्या पहिल्याच ओळींत चोवीसला बाराने भागले, तेव्हा तुम्हीही मनात 'दोन' म्हणून पुढे वाचायला लागलात. साक्षीदार म्हणून सही मात्र एकट्या धनपालची आहे.