ओट्याखालचा दिवा

सुलू गेली हे सगळ्यांना कळलं, त्या दुपारी माझ्या खिशात चार सेल होते. रिचार्जेबल. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

सकाळी तीच म्हणाली होती, "इथे बसून माझं तोंड काय बघताय? जा, त्या दिव्याचे सेल घेऊन या." मी गेलो. परत आलो तर सगळं आटपलेलं. हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो. तिचा धाकटा भाऊ गुणवंत धावत आला, माझ्या गळ्यात पडून रडला आणि डोळे पुसायला माझ्याच खिशात रुमाल शोधायला लागला. हाताला आलं पाकीट!

"भावजी, हे काय?"

"सेल. ओट्याखालच्या दिव्याचे."

तो आणखी जोरात रडायला लागला. मी वेडा झालो असं त्याला वाटलं असणार!

पण मंडळी, एक सांगतो. सेल या विषयात अख्ख्या भाईंदर पश्चिमेत माझा हात धरणारा माणूस नाही! कोणता सेल चार्जरला लावायचा, कोणता लावला तर फुटतो, कोणता नुसता पडून राहिला तरी रिकामा होतो, सगळं तोंडपाठ. घरात बसून दिवे, भोंगे, अलार्म बनवायचे हा माझा छंद. सुलू त्याला छंद म्हणत नसे. पसारा म्हणत असे.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखालचं कपाट म्हणजे विहीर आहे. आत हात घातला की हात कुठे गेला ते कळत नाही. "तिथे एक दिवा लावा हो," हे सुलूचं पालुपद. तिथे प्लग नाही, वर सिंक, म्हणून दिवा बॅटरीवरचा हवा. मी बनवलाही. दार उघडलं की लागणारा! पण त्यातले सेल दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडायचे.

"सुलू, हे दिव्याचे सेल आहेत!"

"तुमचा दिवा लागेल तेव्हा लागेल. माझी मालिका आता लागलीये!"

असं चाललं होतं आमचं. मूलबाळ नाही, त्यामुळे भांडायला वेळच वेळ.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना! आला, समोर बसला आणि शेजारच्या मंडळींच्या पिंडाकडे बघत राहिला. गुणवंत पुढे झाला. "ताई, संजनाला मी इंजिनिअर करतो!" संजना त्याची मुलगी. कावळ्याने मान फिरवली. "ताई, गावच्या घरावर नवे पत्रे घालतो!" कावळ्याने पाठ फिरवली. "ताई, भावजींना मी रत्नागिरीला घेऊन जातो!" कावळा चक्क उडाला आणि लांब जाऊन बसला. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

मी पुढे होऊन म्हटलं, "सुलू, ओट्याखाली दिवा लावतो. मी स्वतः. वर्षश्राद्धाच्या आत."

झडप! अर्धा पिंड चोचीत!

माझं बोलणं तिने एवढ्या लवकर कधीच ऐकलं नव्हतं.

झालं! शंभर माणसांसमोर दिलेला शब्द. त्यानंतर कोणाचाही फोन आला की पहिलं वाक्य, "दिवा लागला का?" जेवलात का, हे कोणी विचारायचंच नाही. आणि मला तरी दुसरं काय होतं? कावळ्याने पिंड नेला होता. आता दिवा लागला नाही तर ती अडकून राहील, असं सगळे म्हणायचे. मी तसलं मानत नाही. पण मानत नाही म्हणून धोका कोण घेईल?

खिशातले ते चार सेल मी बाहेरच्या खोलीतल्या कपाटाच्या खणात ठेवले होते, तिच्या चष्म्याशेजारी. त्यांना हात लावायची छाती होत नव्हती. शिवाय माझं ठरलं होतं, सुलूचा दिवा म्हणजे साधा चालणार नाही! त्याला बॅटरीही तशीच हवी. मी वाचायला लागलो, तुलना करायला लागलो. निवडण्यात पावसाळा गेला, थंडी गेली. ओट्यासमोर फरशीवर ओल यायची. ती माझ्या भांडी घासण्याची, असं मी धरून चाललो होतो.

वर्षश्राद्ध उद्यावर आलं तेव्हा मी स्टेशन रोडच्या एका टपरीवर उभा होतो. हातात अंगठ्याएवढा जाड, निळा, लिथियमचा सेल. त्यावर मोठ्या अक्षरात ताकद छापलेली, नऊ हजार नऊशे!

"काका, इसमें पूरा घर चलेगा!" टपरीवाला म्हणाला.

एवढ्याशा सेलमध्ये याच्या निम्मीसुद्धा ताकद मावत नाही, हे पुस्तकात मी स्वतः अधोरेखित केलेलं! आणि सेल हातात तर पोह्याच्या पुडीसारखा हलका. मी मनात म्हटलं, नवीन तंत्र असणार. घेतला!

लिथियमचा सेल चार्ज करताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. जवळ जळणारं काही नको. खाली वाळू हवी. मी खालच्या बांधकामावरून वाळू आणली. ती कशात ठेवायची? एक मातीचं मडकं सापडलं. प्लग मोकळा कुठे? सुलूच्या फोटोखाली. मडक्यात वाळू, वाळूवर सेल, चार्जरचा लाल दिवा लुकलुकतोय. ठिणगी उडाली तर असावा म्हणून खांद्यावर ओला पंचा. समोर पाटावर मी. नजर हलू द्यायची नाही!

शेजारच्या विमलाबाई आमटीची वाटी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगोबाई! भाऊ, हे काय मांडलंत?"

"बोलू नका. लाल आहे. हिरवा होईपर्यंत उठायचं नाही."

"कोणी सांगितलं असं?"

"पुस्तकात आहे."

त्यांनी चपला जिन्यात काढून ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मग गेल्या. आमटीसकट गेल्या! जरा वेळाने परत आल्या त्या तळमजल्याच्या रखमाबाईंना घेऊन. रखमाबाई मूळच्या खारी गावातल्या, असल्या गोष्टींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मडकं पाहिलं, फोटो पाहिला, लुकलुकणारा दिवा पाहिला.

"कडक हाय," त्या म्हणाल्या.

मग काय! दोन्ही विंगमधल्या बायका जमल्या. कोणी फुलं आणली, कोणी उदबत्ती. "उदबत्ती नको!" मी ओरडलो. "ठिणगी चालत नाही!" कुजबुज झाली, "बघा, ठिणगी चालत नाही म्हणे. व्रत फार कडक!"

सोसायटीचा सेक्रेटरी धर्मेश धापा टाकत आला. "काका, आ शुं छे? हवन करना है तो नोटिस देना पड़ता है! फायर का नियम है!"

"अरे, हवन नाही रे. सेल चार्ज करतोय!"

"सेल?" त्याने गर्दीकडे पाहिलं. "इतने लोग?"

तेवढ्यात बॅगा घेऊन गुणवंत दारात. रत्नागिरीहून थेट. घरात ही गर्दी, फोटोसमोर मडकं, पंचा घेतलेला मी! त्याने बॅग टाकली आणि हंबरडा फोडला, "भावजीऽऽ!"

मी पाटावरून वळलो. मंडळी, तिथेच नजर हलली! विमलाबाईंनी संधी साधली. सेलला हळद लावली, कुंकू लावलं, समोर आमटीची वाटी ठेवली आणि तिच्याभोवती रीतसर पाणी फिरवलं. थेट चार्जरवर!

फट्!

निळा उजेड, धुराचा लोट आणि घरातले पंखे बंद.

"आली गो! सुलू आली!" रखमाबाई किंचाळल्या. सगळ्या बायका एकदम जमिनीला टेकल्या. धर्मेशसुद्धा टेकला! मी एकटा उभा, मडक्यात मुठीमुठीने वाळू लोटतोय आणि ओरडतोय, "मेन स्विच! अरे कोणीतरी मेन स्विच पाडा!"

सेल वाचला. चार्जर मात्र गेला. सेलचं वेष्टन फाटलं होतं. त्यात बघतो तर आत करंगळीएवढा सेल आणि बाकी सगळी माती! सेलमधला दादा माणूस मी, आणि मी मातीला हळदीकुंकू लावून घेतलं होतं.

पाटावर बसलो तो उठवेना. "गुणवंता, राहिला दिवा," मी म्हटलं. "उद्या लोक विचारतील. ती विचारेल."

काळोख व्हायला लागला होता, म्हणून टॉर्च शोधायला त्याने खण उघडला. आणि पाकीट वर आलं.

"भावजी, हे तर तेच. तेव्हाचे."

"हं."

"वर्ष झालं. मेले असतील ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "या जातीचे सेल कारखान्यातूनच भरून येतात. नुसते पडून राहिले तरी वर्षभर चार्ज धरून ठेवतात."

त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते फोडलं. माझ्या त्याच जुन्या दिव्यात चारही सेल बसवले, दिवा कपाटात चाचपडत आत वरच्या बाजूला चिकटवला आणि दार लावलं. बायका ओट्यासमोर उकिडव्या बसल्या. मी दार उघडलं.

लख्ख!

डबे दिसले. डब्यांच्या मागची भिंत दिसली. टाळ्या पडल्या! धर्मेश म्हणाला, "वाह काका!" रखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. विमलाबाई मात्र वाकून आत बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचा पाइप गळतोय की!"

सिंकचा पाइप सांध्यापाशी थेंब थेंब गळत होता. खाली स्टीलचा टोप, काठोकाठ भरून वाहणारा. सांध्याला सुलूच्या जुन्या हिरव्या साडीची चिंधी बांधलेली. तिची ती नेहमीची गाठ, दोन फेर आणि वर एक.

"आता कळलं ताईला दिवा कशाला हवा होता," गुणवंत म्हणाला. "तिला काही बघायचं नव्हतं. तुम्हाला दाखवायचं होतं!"

वर्षश्राद्ध छान पार पडलं. कावळा आला तो बोलवायच्या आधीच! लोकांनी दिवा बघितला, लावून-विझवून बघितला, माझं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, ये गाँठ काटनी पड़ेगी."

मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

दिवा झकास चालतो. सेल अजून उतरलेले नाहीत. रोज संध्याकाळी दार उघडतो आणि टोप ओतून ठेवतो. पाइप बदलायचा राहिलाय.