एकोणीस मिनिटांचा तमिळ चित्रपट

मुलांनो, कल्पना करा. साल २०२१, एप्रिल महिना. तुम्ही बारा वर्षांचे आहात, नेदरलँड्समधल्या नायमेखनला राहता, शाळा निम्मी संगणकावर भरते आणि घरात पाहुणा एकच चालतो. अशा काळात मुलांच्या कोवळ्या मनाचे रक्षण मोठ्यांनी करायचे असते, कारण मोठ्यांच्या हातात दुसरे काही उरलेले नसते.

अशाच बारा वर्षांच्या उत्तराला एक तमिळ चित्रपट बघायचा होता. त्यात तिच्याच वयाची मुलगी आहे, बाप पितो, आजी मरते, आणि एका उन्हाळ्यात ती मुलगी मोठी होते. तमिळ लोक हे सगळे उघड दाखवतात. (त्यांच्याकडे पालक समिती नसावी.)

आमच्याकडे, म्हणजे इथल्या मराठी मंडळाकडे, आहे. अध्यक्ष अंबरीशकाका संगणकाच्या चिपच्या कारखान्यात दोष शोधतात. पाच सदस्यांनी तो चित्रपट खालची इंग्रजी वाचत चार वेळा पाहिला. तिघे रडले. नोंद झाली : ‘डोळ्यांवर ताण’. दोष निघाले एक्केचाळीस. मारहाण नऊ, दारू चौदा, पाळी दोन, मोठ्यांना तोंडावर खरे बोलणे पंधरा, मृत्यू एक.

दोष काढल्यावर चित्रपट एकोणीस मिनिटांचा उरला. मुलगी शाळेत जाते, परत येते, भात खाते.

तो दाखवून झाल्यावर काकांनी व्हिडिओ कॉलवर विचारले, “काय उत्तराबाई, आवडला?”

“काका, आजी शेवटी दिसलीच नाही.”

“अगं, ती आराम करतेय.”

“पुण्याचे आजोबापण तीन आठवडे आरामच करतायत.”

पाचही सदस्यांनी माईक बंद केले. (समितीचा एकमताने झालेला पहिला ठराव.)

आजोबा तीन आठवड्यांपूर्वी करोनाने गेले होते. उत्तराच्या वयाला झेपणार नाही म्हणून मालिनीने, म्हणजे तिच्या आईने, ते सांगितले नव्हते. आपल्या वडिलांसाठी ती न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. भिंत पातळ आहे, हे समितीच्या तक्त्यात कुठेच नव्हते.

(ही गोष्ट मुलांना द्यावी की नाही, हे ठरवायला आधी स्वतः वाचत बसलेल्या मोठ्यांनी इथे थांबावे. पुढचे मुलांसाठी आहे.)

उत्तराने कॉल बंद केला. टीव्हीवर अख्खा चित्रपट लावला, आजी मरते तिथपर्यंत पुढे नेला आणि सोफ्यावर सरकून दारात उभ्या आईला जागा केली.

“बस ना, आई,” ती म्हणाली. “झेपेल तुला. मी आहे.”