वेळ वाचवणारा ‘हो’

घरातल्या थोरल्या मुलाने सगळ्यांना माऊसला हात लावायची बंदी केली होती. माऊसपर्यंत हात नेण्यात म्हणे आयुष्य फुकट जातं. स्वतः मात्र आंघोळ सोडून, खांद्यावर टॉवेल टाकून सकाळभर कम्प्युटरपुढे बसायचा. वेळ वाचवायच्या युक्त्या वाचत!

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको शिवणकाम करायची. आज तिचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या गल्लीतल्या लॉजच्या मालकीणबाईंना सगळ्या खोल्यांचे पडदे शिवून हवे होते. एवढं मोठं काम तिच्या दारी पहिल्यांदाच चालून आलेलं. बाईंना सगळं लेखी लागायचं. घरातल्या त्या एकुलत्या एक कम्प्युटरवर त्यांचा मेल आला, “कापड आलंय. काम घेता का? दुपारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरीकडे देते.”

एका हातात कात्री होतीच. दुसऱ्या हाताने कीबोर्ड ओढून तिने ‘हो’ लिहिलं आणि नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे स्क्रीनकडे न बघता बटणं दाबून पाठवलं.

लगेच उत्तर आलं, “अहो, असं काय करता? मुदत वाढवून देते. मग तरी घ्याल?”

“किती भली बाई!” म्हणत तिने पुन्हा ‘हो’ पाठवलं.

“राहू दे मग. दुसरीकडे विचारते,” बाईंनी कळवलं.

तिने घाबरून आपलेच मेल उघडले. दोन्हींत लिहिलेलं, ‘आपली सूचना उत्तम आहे. मात्र सध्या मला ते शक्य नाही. क्षमस्व.’

“अहो, हे मी कधी लिहिलं?”

“ती माझी युक्ती,” थोरला फुशारकीने म्हणाला. “नुसतं ‘हो’ लिहायचं, अख्खं उत्तर आपोआप उमटतं. साहेबांना मला रोज हेच लिहावं लागतं.”

“‘हो’ लिहून नाही म्हणायचं?” दारातून सासूबाई कडाडल्या. “अरे, ‘नाही’ लिहिलं असतंस तर बोटं झिजली असती का तुझी?”

“अहो, काहीतरी करा! काम जाईल माझं!”

“थांब, एका सेकंदात मागे घेतो.” त्याने एक बटण दाबलं आणि उघडं होतं ते सगळं बंद झालं. मेलसुद्धा. आता कम्प्युटर पासवर्ड मागू लागला.

“मग टाका ना पासवर्ड.”

“लक्षात ठेवण्यात वेळ जातो म्हणून मशीनलाच दिला होता.”

“मग विचारा मशीनला.”

“विचारतोय. ते सांगायला तिचा वेगळा पासवर्ड लागतो.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “सूनबाई, चपला घाल. लॉज मागच्या गल्लीत आहे, चंद्रावर नाही.”

दोघी गेल्या आणि कडेवर कापडाचे तागे घेऊन परतल्या. मालकीणबाईंनी समोरच्या समोर काम दिलं होतं, वर चहाही पाजला होता.

“आलीस? माझंही झालं!” टॉवेल अजून खांद्यावरच होता. “नवा पासवर्ड घेऊन मेल उघडला, युक्तीही काढून टाकली. आता ‘हो’ म्हणजे फक्त ‘हो’!”

एवढ्यात त्याच्या साहेबांचा मेल आला. यापुढे दर रविवारी ऑफिसला याल का, म्हणून विचारलं होतं. थोरल्याने बायकोशी बोलता बोलताच, सवयीने, स्क्रीनकडे न बघता उत्तर ठोकून दिलं.

साहेबांनी कळवलं, “वा! पहिल्यांदाच सरळ ‘हो’ म्हणालात. सगळ्यांना सांगून टाकलं.”

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी तागा खाली ठेवला आणि बोटाने उंबऱ्याकडे दाखवलं.

“चपला तिथे आहेत बघ. पण आधी आंघोळ कर.”