डोहातली पायरी

कादरचाचा कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी जमीन ठोकून बघायचा. फरशीवर बोटांची पेरं वाजवायची, कान लावायचा, "पक्की हाय" म्हणायचं, मग टेकायचं. माझ्या लग्नात या गृहस्थानं नवरीकडचा पाटा ठोकला आणि भर मांडवात सांगितलं, याले भेग हाय, टाकून द्या. सासरे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पाटा दिवाळीतच दुभंगला, हेही सांगायला हवं.

हा बाळापूरचा पाथरवट. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. जो तो घरावर माडी चढवू लागला. अकोल्याकडे रेल्वेच्या पुलांना तर पाथरवट मिळेनात. चाचाला बोलावण्यांवर बोलावणी येत, आणि हा म्हणे, मले फुरसत नाही. फुरसत का नाही, तर दिवसभर किल्ल्याखालच्या डोहाशी बसायचं असे!

थंडीत पाणी निवळलं की डोहाच्या तळाशी पायऱ्यांसारखं काहीतरी दिसायचं. चाचा म्हणे, त्या पायऱ्या माणसानं घडवलेल्या. मी म्हणे, नदीनं कापलेला खडक. कापसाचे सौदे आटोपले की मी रोज मुद्दाम भांडायला जायचो. मग पलीकडची टेकडीही तुमच्याच बापानं रचली असेल, असं म्हटलं की चाचा पानाची चंची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. त्या दिवशी मला पान नाही.

बापाचं नाव मी उगाच काढत नव्हतो. चाचाच्या बापानं त्या डोहाशी घाट बांधला होता आणि पहिल्याच पुरात तो वाहून गेला. तेव्हापासून गावात कुणाचं काम कच्चं निघालं की लोक म्हणत, कादरच्या बापाचा घाट झाला. चाचाचा दावा असा, की वरचं गेलं, पण खालच्या पायऱ्या जागेवर आहेत. त्या एकदा दिसल्या की गावाचं तोंड बंद होईल.

एका वैशाखात डोह कमरेइतका उतरला. अर्धं गाव काठावर जमलं. चाचाबरोबर मीही पाण्यात शिरलो आणि तळाशी हात फिरवला. कुठं टाकीचा घाव नाही, कुठं सांधा नाही, चुना नाही. सगळा एकसंध खडक. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठाकडे तोंड करून मी ओरडलो, "टाकीचे घाव हायत!"

"गप," चाचा म्हणाला.

तो बराच वेळ चाचपडत राहिला. इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. मग उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे कुदरतीचं काम हाय. माणसाचं नाही."

लोक हसले आणि पांगले. आम्ही दोघं ओल्या कपड्यांनी काठावर बसून राहिलो. मला त्याचा भयंकर राग आला होता. म्हटलं, घाव आहेत असं मी ओरडलो होतो ना? खाली बघायला कोण येणार होतं?

"दगडाबद्दल एक डाव झूट बोललो मी," चाचा म्हणाला. "बाप मरायले टेकला होता. इचारे, खालची पायरी हाय ना रे जागेवर? मी हो म्हनलो. पाह्यलं नव्हतं."